तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं इपॉक्सी लावून भागलं नसतं का?

पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की माणसं आपोआप जमतात, आणि माझ्या गाडीचं थर्मोस्टॅट हाउसिंग (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची वाट उघडणारी झडप, आणि हे तिचं प्लास्टिकचं घर) बदलून वर्ष होत आलं तरी प्रश्न तोच, की एवढा उपद्व्याप कशाला, तड्यावर बाहेरून इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं चिकटवण, थापलं असतं तर चाललं नसतं का. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, थापलं होतं. दोनदा.

गाडी पंधरा वर्षांची. दर आठवड्याला कूलंटची पातळी दोन बोटं खाली आणि फरशीवर एक थेंब नाही. गॅरेजवाला म्हणाला, जुनी गाडी आहे, पिते थोडं. अहो, ऑइल पिते हे मान्य, पण कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतं, कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंयच ना. शेवटी एका सकाळी गार इंजिनवर मोबाइलचा टॉर्च मारला तर हाउसिंगच्या बोल्टच्या कानाखाली गुलाबीसर पांढरी खपली, आणि तिथून वर गेलेला केसाएवढा तडा. गळत होतं, पण तापलेल्या इंजिनवर तिथल्या तिथे वाळत होतं, खाली येणार काय!

पहिलं इपॉक्सी तीन आठवडे टिकलं. दुसरं गेलं कसारा घाटात, मुंबईहून येताना, मे महिना, एसी चालू, पुढे रांगणारा कंटेनर, आणि टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल गरमवर टाकला म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघते (बायकोने तेव्हा ज्या नजरेने बघितलं ते सोडा), काचा खाली करून कसेबसे इगतपुरीला पोचलो आणि बोनेट उघडं टाकून तासभर वडापाव खात बसलो. कूलंटच्या बाटलीचं झाकण गरम असताना उघडलं नाही, तेवढी अक्कल होती. आत साधारण एक बार दाब असतो, त्याच्या जोरावरच कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलंत की दाब जातो आणि सगळं तोंडावर. हाच दाब रोज त्या तड्याला आतून ढकलत असतो, वर गरम-गार गरम-गार, बाहेरचा लेप किती दिवस धरणार?

मग नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून हाउसिंग, थर्मोस्टॅट आणि रबरी रिंग आणली. काम तसं तीन बोल्ट आणि दोन पाइपांचं. वेळ गेला तो साफसफाईत. जुनी रिंग चपटी होऊन खाचेत अशी बसली होती की नखाने काढताना तुकडे पडले. इंजिनवरची बसायची जागा ॲल्युमिनियमची, तिथे स्क्रू ड्रायव्हर घासला तर ओरखड्यातून परत गळणार, म्हणून जुन्या एटीएम कार्डाने दीड तास खरवडत बसलो. बोल्ट दहाच्या पान्याचे, लहान, मनगटाने आवळायचे, खांद्याचा जोर लावलात की आटे गेलेच.

निघालेलं कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि किडन्या जातात, आणि आमचा भुऱ्या सकाळपासून टबाभोवती घुटमळत होता.

नवीन भरलं ते अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर, आमच्या बोअरचं पाणी नाही, त्याने गीझरचं काय केलंय ते बघितलंय मी. हवा काढायला गार इंजिन झाकण काढूनच चालू केलं, हीटर गरमवर, बाटलीत बुडबुडे येत राहिले, वरचा पाइप बराच वेळ गारच, मग एकदम चटका बसेल इतका तापला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी बोटभर कमी झालं, तेवढं भरलं, त्यानंतर आजवर नाही.

जुनं हाउसिंग डिकीत ठेवलंय, कोणी विचारलं की हातात देतो. इपॉक्सी अजून घट्ट चिकटलंय. प्लास्टिक त्याच्या शेजारून तडकलंय.