कारण लिहिलेले नाही

रविवारी चर्चमध्ये हंगामाच्या सणाच्या उपासनेत सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या दानाची, पाकिटे वाचून दाखवली. नातवाच्या बाप्तिस्म्याबद्दल, नव्या दुचाकीबद्दल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याबद्दल, मुलीला पुण्यात नोकरी लागल्याबद्दल. मग माझे नाव आले, २०० रुपये, आणि चष्मा वर-खाली करून, पाकीट पुन्हा एकदा निरखून त्यांनी खणखणीत आवाजात वाचले, "कारण लिहिलेले नाही." त्यांची चूक काहीच नाही; जे होते ते त्यांनी वाचले. आज बुधवार उजाडला तरी ते तीन शब्द डोक्यातून जात नाहीत.

विसरले म्हणावे तर तसेही नाही. शनिवारी रात्री नाव लिहिले, रक्कम लिहिली आणि 'कारण' या शब्दापुढच्या ठिपक्यांवर पेन टेकवून मी बराच वेळ बसून राहिले. पहिल्या ठिपक्यावर शाईचा डाग तेवढा मोठा होत गेला. डोळ्यांपुढे येत होते ते सगळे तक्रारीचेच: गुडघा, वरच्या खोलीची गळती, आणि नाताळला जमणार नाही असे तिकडून आलेले दोन ओळींचे उत्तर. तेव्हा पाकीट तसेच चिकटवले आणि झोपले.

२०१९ साली मात्र मला पाकिटावर जागा पुरली नव्हती. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. बोटीतून बाहेर पडलो तेव्हा आम्हा दोघांजवळ एक पिशवी आणि यांच्या औषधांचा डबा एवढेच होते. पाणी ओसरल्यावर आठवडाभर घरातला गाळ उपसला आणि त्या वर्षीच्या पाकिटावर मी पुढून-मागून लिहिले. सगळे गेले तेव्हा आभार भरभरून सुचले, आणि या वर्षी सगळे जागच्या जागी असताना एक ओळ सुचू नये, याची मला रविवारपासून लाज वाटते आहे. सगळे जागच्या जागी आहे हेही तितकेसे खरे नाही, पण ते राहू दे.

रविवारचा उपदेश नेमका बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायावर होता. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. लहानपणापासून मी त्या नऊ जणांना नावे ठेवत आले. बाबा मात्र ठेवत नसत. मिरजेच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी उभी हयात जखमा धुऊन बांधणारे ड्रेसर म्हणून काढली. डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत तो काळ. रोग आटोक्यात आला तरी घरचे दारात घेतील याची खात्री नसे, आणि घरी म्हणून निघालेला माणूस चार दिवसांनी तेच गाठोडे घेऊन फाटकाशी उभा असलेला त्यांनी पाहिला होता. ते म्हणत, "जाऊन याजकाला दाखवा असे प्रभूनेच सांगितले होते ना? मग ते गेले. घरचे घेतात का, ते बघायला गेले असतील बिचारे." पाळकसाहेबांपुढे हे बोलण्याची त्यांची छाती नव्हती, माझीही नाही. पण रविवारी बाकावर बसल्या बसल्या मला प्रथमच वाटले की माझी जागा त्या नऊ जणांत आहे, आणि संगत काही वाईट नाही.

काल दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर यादी करायला बसले. पहिले लिहिले, 'यंदा पाणी गल्लीपर्यंत आले नाही.' दुसरे, 'सकाळी दूधवाल्याने दोनदा हाक मारली.' मी दार उघडायला उशीर केला की तो घाबरतो, हे त्याच्या दुसऱ्या हाकेवरून कळते. पहिली हाक दुधाची असते, दुसरी माझी. तिसऱ्या ओळीवर नळाला पाणी आले म्हणून उठावे लागले आणि यादी तिथेच थांबली. पाकिटावर हे कसे लिहायचे? सेक्रेटरींनी "दूधवाल्याच्या दुसऱ्या हाकेबद्दल" असे वाचले असते तर मंडळीने माझ्याच साठी प्रार्थना धरली असती.

राहिला भोपळा. उपासनेनंतरच्या लिलावात ऊस, शेंगा, एक जिवंत कोंबडी आणि हा भोपळा होता. 'कारण नाही' या बोलण्यावरून सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे वाटून मी उगाचच बोली चढवत नेली आणि १८० रुपयांना तो माझ्या गळ्यात पडला. एकट्या बाईला तो महिनाभर पुरेल. आज निम्मा किसून गुळात शिजवला, घारगे तळले आणि डबाभर सेक्रेटरींच्या घरी पाठवले. अर्ध्या तासात त्यांच्या पत्नीचा फोन आला, "मावशी, घारगे कशाबद्दल? वाढदिवस वगैरे आहे का?"

मी म्हटले, "काही नाही गं, भोपळा मोठा होता."