आधी विहीर उपसा, मग भूत काढा

हिडेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’ या जपानी भयपटात (१९९८) शेवटाकडे भुताटकी थांबते आणि नुसतं काम चालू होतं. लाकडी बंगल्याच्या जमिनीखाली झाकलेली विहीर सापडते आणि बादलीनं पाणी उपसायला सुरुवात होते. एकजण खाली भरणारा, एकजण वर ओढणारी. तिचे हात गळून जातात, मग जागा बदलतात, बाहेर दिवस कलतो, शापित व्हिडिओ टेप बघणाऱ्याला मिळालेली सात दिवसांची मुदत संपत येते. वैशाखात विहिरीचा गाळ काढायला उतरलेल्या माणसाला या प्रसंगातली भीती समजावून सांगावी लागत नाही. पाणी खाली जातं तसतसं तळाशी असलेलं काहीतरी जवळ येतं.

गोर व्हर्बिन्स्की यांच्या इंग्रजी ‘द रिंग’मध्ये (२००२) विहीर तीच, पण उपसणं नाही. टीव्ही घसरत येतो आणि नायिकेला सरळ विहिरीत लोटतो. धक्का चांगला बसतो. मेहनत मात्र गेली, आणि मेहनतीबरोबर त्या पाण्याची धास्तीही गेली.

(पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना ते कोरे बघायचे आहेत त्यांनी थेट सबटायटलवाल्या परिच्छेदापासून वाचावं.)

परदेशी भयपटाचा इंग्रजी रिमेक बसतो की फसतो, हे बजेटवर किंवा मेकअपवर ठरत नाही. भुताचा कायदा सगळाच्या सगळा उचलून आणला का, यावर ठरतं. कोकणातल्या प्रेक्षकाला हे लवकर कळतं, कारण त्याच्याकडे प्रत्येक देवचाराची, राखणदाराची हद्द ठरलेली असते. कुठल्या पायवाटेपासून कुठल्या व्हाळापर्यंत, काय चुकलं की लागतं, काय दिलं की सोडतं. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की बोलणी होऊ शकतात. म्हणून सिनेमा बघतानाही हेच बघावं: भूत कशाला बांधलेलं आहे, कशानं लागतं आणि कशानं सुटतं.

‘रिंगू’चा खरा घाव इथेच आहे. विहिरीतून सांगाडा वर आला, म्हणजे आता क्रियाकर्म होईल आणि प्रकरण मिटेल, असं आपण गृहीत धरतो. ते मिटत नाही. विहिरीतल्या भुताला, सादाकोला, शांती नकोच असते, तिला प्रती हव्या असतात. टेपची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवली तरच जीव वाचतो. व्हर्बिन्स्कींनी हा नियम अजिबात सैल केला नाही आणि त्यांचा सिनेमा तरला तो त्यामुळे. बाकी पुष्कळ बदललं. मूळ सिनेमातल्या नायिकेच्या घटस्फोटित नवऱ्याला अतींद्रिय शक्ती आहे, त्यामुळे अर्धी चौकशी त्याच्या स्पर्शावर होते. अमेरिकन सिनेमात त्याच्या जागी आलेला नोआ साधा व्हिडिओचं काम करणारा माणूस आहे, त्याला ती टेप वस्तू म्हणून तपासावी लागते. ९६ मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांचा झाला, आणि वाढलेला वेळ बराचसा या तपासात गेला आहे. बदल्यात घोड्यांचं बेट मिळालं, फेरीबोटीवर उधळून समुद्रात पडणारा घोडा मिळाला, आणि वॉशिंग्टन राज्यातला तो शेवाळी, ओला उजेड. पावसाळ्यात सिंधुदुर्गात दुपारी तीन वाजता असतो, साधारण तसाच.

टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग दोन्हीकडे आहे. जपानी आवृत्तीत अभिनेत्रीला उलटं चालायला लावून ती फिल्म पुन्हा उलटी चालवली. म्हणून चाल पुढे येते, पण सांधे चुकीच्या वेळी वळतात. अमेरिकनमध्ये समाराच्या (तिथल्या सादाकोच्या) अंगावर टीव्हीची मुंग्यामुंग्यांची थरथर घातली आहे. पहिली युक्ती जवळपास फुकटातली आणि तीच जास्त टिकली, असं आमचं मत.

ताकाशी शिमिझु यांनी दुसरी वाट धरली. ‘जु-ऑन’चा (२००२) रिमेक ‘द ग्रज’ (२००४) त्यांनी स्वतःच केला आणि घर टोकियोतून हलवलंच नाही. हलवली ती माणसं. अमेरिकन माणसं परक्या गावात येतात, आणि ज्या घराचा इतिहास शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत आहे त्यात बेधडक शिरतात. घरातली भुतंही तीच: कायाको तीच (ताकाको फुजी), तिचा मुलगा तोशिओ तोच (युया ओझेकी). घशातला तो घरघराटही खुद्द शिमिझुंचा. या भुताशी बोलणी होत नाहीत, उंबरा ओलांडला की संपलं. सुमारे १ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं जगभरात १८ कोटींहून जास्त कमावले, आणि मग स्टुडिओंनी भलताच धडा घेतला: लांब केसांची मुलगी आणि एखादं यंत्र आणलं की झालं.

त्या धड्याची फळं म्हणजे ‘पल्स’ (२००६), ‘वन मिस्ड कॉल’ (२००८), ‘द आय’ (२००८). यातलं ‘पल्स’ सर्वात शिकण्यासारखं, कारण त्याचं मूळ, कियोशी कुरोसावा यांचं ‘कैरो’ (२००१), फार मोठं आहे. ‘कैरो’त एक बाई खोलीच्या टोकाकडून चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, सावरते, पुन्हा येते. कॅमेरा घाईनं तुकडे करत नाही, दचकवणारं संगीत धावून येत नाही. बघणाऱ्याला पळायला वाट ठेवलेली नाही. रिमेकमध्ये अशा प्रसंगांचे बारीक तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याला डोळा मिटायची संधी मिळाली. दारांच्या फटींवर चिकटवलेली लाल पट्टी तेवढी इमानानं उचलली आहे.

‘डार्क वॉटर’ (मूळ २००२, रिमेक २००५) मात्र कोकणात बघायची गोष्ट आहे. छतावर ओल येते, डाग पसरतो, थेंब पडतो. आपल्याकडे चार महिने असला डाग रोज दिसतो आणि कुणी घाबरत नाही. ‘कौलं परतायला हवी होती’ म्हणतात आणि खाली टोप ठेवतात. नाकातांनी त्या सवयीच्या डागालाच हात घातला. वाल्टर सालेस यांनी घर न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर नेलं. बेट, पाऊस, जुनी काँक्रीटची इमारत, गच्चीवरची टाकी, सगळी जुळणी टिकली. ढिली पडते ती दुसरीकडे: वकील, एजंट, इमारतीचा देखभालवाला यांना इतकी जागा दिली की भीती कचेरीच्या कामात अडकते.

‘रेक’ (स्पेन, २००७) आणि ‘क्वारंटाइन’ (२००८) लागोपाठ बघितले तर रिमेकची हजामत कशी होते ते कळेल. जिने तेच, कॅमेरा तोच, बऱ्याचशा चौकटीही त्याच. पण बार्सिलोनातल्या त्या इमारतीच्या माळ्यावर एक पछाडलेली मुलगी आणि चर्चचा संबंध आहे, अमेरिकेत त्याची जागा रेबीजसारख्या विषाणूनं घेतली. पिसाळणं आपल्याला ठाऊक आहे, त्याला दवाखाना आहे, लस आहे. माळ्यावरच्या खोलीला मग काही अर्थच उरत नाही. वर कळस म्हणजे ट्रेलरमध्ये आणि पोस्टरवर सिनेमाचं अगदी शेवटचं दृश्य छापलं होतं.

‘लेट द राइट वन इन’ (२००८) स्वीडनमधल्या ब्लॅकेबर्गचा, रक्त पिऊन जगणाऱ्या एलीचा. मॅट रीव्ह्ज यांनी ‘लेट मी इन’ (२०१०) न्यू मेक्सिकोतल्या लॉस अॅलमॉसला नेला, साल १९८३, टीव्हीवर रेगन यांचं भाषण. बर्फ, एकटा पोरगा, रक्त, सगळं नीट बसलं. गाडीच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्यासकट गाडी उलटते तो शॉट तर मूळ सिनेमात नाहीच. पण मूळ सिनेमातली दारूवर जमणारी शेजारी मंडळी रीव्ह्ज यांनी जवळजवळ काढून टाकली आणि त्यांच्या जागी एक पोलीस आणला. मेलेल्यासाठी रडणारं कुणी राहिलं नाही. वाडीतलं माणूस गेलं की पंधरा घरांत चूल बंद राहते, तसं काहीतरी स्वीडिश सिनेमात आहे आणि अमेरिकनमध्ये नाही. मूळ बघताना एलीच्या आवाजाकडे कान द्या. पडद्यावर लीना लिआंडेरसन आहे, आवाज दुसऱ्या मुलीचा डब केलेला आहे. चेहऱ्यापेक्षा तो जून वाटतो.

आणि ‘स्पीक नो ईव्हिल’. डॅनिश २०२२, इंग्रजी २०२४. यात भूत नाही, पाहुणचार आहे. शाकाहारी पाहुणीच्या तोंडाशी मांसाचा घास धरला जातो आणि तिला नाही म्हणवत नाही. पानावर बसलेल्याला आग्रह करकरून वाढणाऱ्या आपल्या लोकांना हे बघताना कुठेतरी टोचायला हवं. डॅनिश सिनेमा त्या भिडेचा हिशोब शेवटपर्यंत नेतो, पाहुण्यांपैकी कुणी सुटत नाही. इंग्रजी सिनेमा दोन-तृतीयांश तसाच चालतो, जेम्स मॅकअॅव्हॉय मूळ यजमानापेक्षा मजेदार आहे, आणि मग कुटुंब हाणामारी करून सुटतं. कायदाच बदलला. जॉर्ज स्लाउझर यांनी आपल्याच ‘स्पोरलोस’चा (१९८८) रिमेक १९९३ साली केला तेव्हा शेवटाचं हेच केलं होतं. उलट मिखाएल हानेके यांनी ‘फनी गेम्स’ (१९९७) इंग्रजीत (२००७) पुन्हा केला तो चौकटीला चौकट लावून.

आता जोडी बघण्याबद्दल. मूळ आधी, रिमेक नंतर, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. उलट क्रमानं बघितलं तर मूळ सिनेमा संथ वाटतो. सबटायटल निवडताना बहिऱ्यांसाठीची आवृत्ती टाळा. ‘मागे दार करकरतं’ हे ती आवाजाच्या आधीच सांगून टाकते. ‘लेट द राइट वन इन’च्या पहिल्या अमेरिकन डीव्हीडीवर सबटायटल सोपी करून बरीच कापली होती. तक्रारी झाल्या, मग थिएटरमधली सबटायटल घालून नव्या प्रती काढल्या. जुनी डिस्क हाताशी आली तर मागचा मजकूर वाचा. वेगळी उतरवलेली सबटायटल फाइल सुरुवातीला जुळते आणि नंतर मागेपुढे होत जात असेल, तर व्हीएलसी प्लेयरमधली जी आणि एच ही बटणं कामाची नाहीत. ती फक्त ठरावीक अंतर सरकवतात. फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सिनेमा २३.९७६ चा असला तर दीड तासात जवळपास पावणेचार मिनिटांचा फरक पडतो, त्यासाठी फाइलचा वेगच बदलावा लागतो. याच कारणानं पाल (२५ फ्रेमच्या युरोपी पद्धतीच्या) डीव्हीडीवर ९६ मिनिटांचा ‘रिंगू’ ९२ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा येतो. वेळा ताडून बघणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः भरण्याची सोय) बंद करा, नाहीतर सादाकोची चाल मालिकेतल्या सुनेसारखी गुळगुळीत होते. काळोखातलं काहीच दिसत नसेल तर उजेड वाढवू नका, आधी एचडीएमआयची रेंज (काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांची सेटिंग) बघा. प्लेयर फुल आणि टीव्ही लिमिटेडवर असला की सावल्या एकदम काळ्याठिक्कर होतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर ‘रिंगू’चा खालचा घुमारा निघत नाही, साधा हेडफोन लावला तरी फरक कळतो. संवाद बारीक आणि किंचाळ्या कर्कश येत असतील तर ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) ट्रॅक सोडून स्टिरिओ ट्रॅक घ्या.

खळ्यात पडदा लावून दाखवायचं तर डिसेंबर-जानेवारी धरा. पत्र्यावर पाऊस असला की ‘कैरो’सारखा शांत सिनेमा मेलाच. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) दीडचा असला तर २ मीटर रुंद पडद्यासाठी प्रोजेक्टर ३ मीटरवर लागतो. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे ल्युमेन मनावर घेऊ नका, एएनएसआय (प्रमाणित पद्धतीनं मोजलेला) आकडा विचारा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. लाइट गेली तर १५० एएचची बॅटरी असलेला घरगुती इन्व्हर्टर ३०० वॉटचा प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून साधारण तीन तास ओढतो, तोही बॅटरी नवी असेल तर. म्हणजे एका रात्री एकच सिनेमा. पावसाळ्यात प्रोजेक्टर पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा. लेन्सवर बुरशी चढली की कितीही पुसलं तरी प्रत्येक सिनेमात धुकंच दिसतं.