आत्याचा टॅब चार्ज होत नव्हता, आतापर्यंत काय काय झालं

आत्याचा १० इंची टॅब गेल्या रविवारी साताऱ्याहून माझ्याकडे आलाय. मायक्रो यूएसबीवाला, जुना, पण स्क्रीनवर एक ओरखडा नाही. आत्या त्यावर मोठ्या अक्षरात पोथी वाचते, तिच्या खुणा त्यातच आहेत, त्यामुळे नवीन घेऊ म्हटलं तरी तिला तोच हवाय. एका दुकानात न उघडताच "बोर्ड गेला" सांगून परत दिला होता. माझ्या हातात देताना आत्या म्हणाली, "अरे, दिवाळीपासून रात्रभर लावला तरी सकाळी चाळीसच टक्के दाखवायचा, मग एक दिवस बंदच पडला." मी हो हो म्हटलं आणि पिशवीत टाकला. तिचं हे बोलणं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पहिल्या संध्याकाळी मधे यूएसबी मीटर लावून बघितलं. ५.१२ व्होल्ट, ०.०० अँपिअर. म्हणजे चार्जर देतोय पण टॅब काहीच ओढत नाहीये. केबल बदलली तर ०.०६ येऊन परत शून्य. पोर्टात टॉर्च मारला तर आत राखाडी गादीच बसलेली, आत्या टॅब लोकरीच्या पिशवीत ठेवते ना. लाकडी टूथपिक तासून चपटं केलं आणि हळूहळू ओढत राहिलो, तुरीच्या डाळीएवढा गोळा निघाला. सुई किंवा टाचणी आत घालू नका, मधली जीभ पातळ असते, एकदा पिना वाकल्या की संपलं.

साफ केल्यावर केबल वर दाबून धरली की ०.०९ आणि सोडली की शून्य. इथेच पोर्टवरचा संशय पक्का झाला, नुसती बॅटरी गेली असती तर केबल दाबून फरक पडायला नको.

मंगळवारी उघडला. मागचं कव्हर गिटारच्या पिकने कडेकडेने सोडवलं, आणि आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग बाकी सगळं. बॅटरी फुगलेली नव्हती, हे महत्त्वाचं, फुगलेली असती तर तिथेच थांबलो असतो, फुगलेल्या लिथियम बॅटरीला चार्ज करून बघायच्या भानगडीत पडूच नका. मल्टिमीटरवर २.७४ व्होल्ट. ३.८ ची बॅटरी एवढी खाली गेली की बरेच जण मेली म्हणून फेकून देतात, पण चार्जिंग आयसी, म्हणजे बोर्डावरची चार्जिंग सांभाळणारी चिप, अशा बॅटरीला एकदम जास्त करंट देतच नाही, ती साधारण ३ व्होल्टच्या वर येईपर्यंत थोडाथोडा सोडत राहते. तोपर्यंत स्क्रीन काळीच. म्हणजे दाबून धरल्यावर येणारा तो ०.०९ हाच थेंब थेंब करंट असणार असा अंदाज आला.

मग पोर्ट भिंगाखाली घेतला. बाहेरच्या पत्र्याचे दोन पाय बोर्डावरून सुटलेले, त्यामुळे केबल लावली की अख्खा पोर्ट हलतोय आणि सगळा जोर त्या पाच बारीक पिनांवर येतोय. पहिली पिन म्हणजे ५ व्होल्टची, तिच्या सोल्डरला केसाएवढी भेग, नुसत्या डोळ्यांनी दिसतच नव्हती. मीटर बीपवर ठेवून (दोन टोकांमधे जोडणी असली की वाजतो) एक टोक पिनेवर, दुसरं पुढच्या कपॅसिटरवर लावलं आणि पोर्टला बोटाने जरा हलवलं तर बीप येतोय जातोय. खरं सांगतो, तो आवाज ऐकून इतका आनंद झाला, कारण बोर्ड गेलेला नव्हता!

सोल्डरिंग बुधवारी रात्री केलं. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो), आधी पत्र्याचे पाय चांगले जाड सोल्डरने पक्के केले, कारण ते नीट नसतील तर पिना परत तुटणार, आणि मग बारीक बिटने पहिली पिन. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधे शॉर्ट नाही हे बघितलं, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं, बॅटरी जोडली, केबल लावली. ०.१० वर स्थिर, न दाबता! साधारण पंचवीस मिनिटं तसाच काळा पडून होता, मी चहा करून आलो तर बॅटरीचं चित्र आलेलं आणि करंट ०.४७.

आणि तिथेच अडकला. चार्जर २ अँपिअरचा, तरी ०.४७ च्या वर जाईना. तेव्हा आत्याचं बोलणं आठवलं, रात्रभर लावून चाळीसच टक्के. अशा साध्या चार्जरमधे दोन्ही डेटा लाइनी आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, टॅब ते बघून ओळखतो की हा भिंतीचा चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत ओढायला हरकत नाही. ती जोडणी दिसली नाही तर तो कॉम्प्युटरला लावलाय असं धरून ५०० मिलिअँपिअरच्या आत राहतो. बॅटरी परत काढली, चार्जर भिंतीतून काढून केबल टॅबला तशीच ठेवली आणि पोर्टच्या दोन आणि तीन नंबर, म्हणजे डेटाच्या, पिनांच्या मुळाशी मोजलं, जोडणी नाहीच. दोन नंबरची पिन पण ड्राय होती, म्हणजे तिचा सोल्डर नीट धरलेला नव्हता, पहिलीच्या नादात मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. फ्लक्स लावून तिला नुसतं बिट टेकवलं. आता १.३८ अँपिअर.

म्हणजे दिवाळीपासून आधी डेटाची पिन सुटली म्हणून चार्जिंग स्लो झालं, आणि मग ५ व्होल्टची सुटली म्हणून बंद. आत्याने दोन्ही बिघाड अगदी क्रमाने सांगितले होते, मी पहिल्याच दिवशी नीट ऐकलं असतं तर दोन्ही पिना एकाच वेळी झाल्या असत्या.

बॅटरीचा हिशोबही केला. पूर्ण चार्ज होईपर्यंत मीटरवर ३,८६० एमएएच (मिलिअँपिअर-तास) गेले, ५ व्होल्टने साधारण १९.३ वॉट-तास, त्यातले १५ टक्के उष्णतेत गेले असं धरलं तर बॅटरीत १६.४ च्या आसपास. लेबलवर १९ आहे. अंदाजच आहे हा, पण एवढ्या जुन्या बॅटरीला चांगलाय, बदलत नाही.

सध्या टॅब कपाटावर बंद स्क्रीनने ठेवलाय, रोज रात्री टक्के लिहून ठेवतोय, कालपासून आज ३ उतरले. शनिवारी साताऱ्याला नेईन, बरोबर एक आखूड केबल आणि झिपवाली रेक्झिनची पिशवी.