छोट्या गाडीला पेलणारा ट्रेलर : माझा अनुभव

मुक्कामी फिरण्यासाठी छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घ्यायचे ठरले, तेव्हा आमची डिझेल गाडी तो ओढेल का, असे मी विक्रेत्याला विचारले आणि ‘आरामात ओढेल’ असे उत्तर मिळाले. इंजिनाचा जोर पाहता ते खरेच होते. मात्र निर्णय घेतला तो गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादा आणि वजनकाट्यावरचे आकडे समोर ठेवूनच. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मुभा दिलेली नाही, तिला तो जोडूच नये, असे माझे ठाम मत आहे.

माहितीपत्रकात ट्रेलरचे रिकामे वजन ५४० किलो आणि कमाल वजन ७५० किलो दिले होते. मी हिशोब कमाल वजनाचाच धरला, कारण साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास तीस किलो आणि इन्व्हर्टरची बॅटरी पंचावन्न किलो. त्यात अंथरुणे, भांडी आली की रिकाम्या वजनाला काही अर्थ उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र जोडावरच्या भाराने घेतला. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. मोठ्या वजनकाट्यावर एवढा बारीक फरक नीट कळत नाही, म्हणून मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सामान भरून सातशे किलो झालेल्या ट्रेलरचा दांडा समपातळीत ठेवून त्याखाली घरातला वजनकाटा लावला. काट्याने फक्त ३८ किलो दाखवले. बॅटरी चाकांच्या मागे बसवलेली होती; ती पुढच्या पेटीत हलवताच काटा ७४ वर गेला.

हाच भार गाडीच्या वहनक्षमतेतूनही वजा होतो. आमच्या गाडीची क्षमता ४६० किलो. चौघांचे २७०, हुकचे २० आणि हे ७४ धरले की डिकीतल्या सामानासाठी शंभर किलोसुद्धा उरत नाहीत. शिवाय हा भार मागच्या चाकांच्याही मागे पडत असल्याने पुढची चाके हलकी होतात, म्हणून दोन्ही अ‍ॅक्सलचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीवर येणारे, वजन वेगवेगळे करून घेतले आणि ते मर्यादेत आल्यावरच ट्रेलर पक्का केला. त्याची आरटीओ नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते.

कसारा घाट उतरताना आम्ही आधीच खालचा गिअर टाकतो आणि पाण्याची टाकी मुक्कामी पोहोचल्यावरच भरतो.