रवाकामाचे तोडे आणि ९११

लग्नसराईत आमच्या हॉलमार्किंग सेंटरवर सकाळपासूनच ट्रे येऊन पडतात. त्या दिवशी एका सराफाच्या लॉटबरोबर त्यांचे कारागीरही आले होते. सत्तरीचे असावेत. लॉटमध्ये त्यांच्या हातचे रवाकामाचे तोडे होते. मोहरीहून बारीक रवे एकाला एक लागून बसवलेले, आणि डाग, म्हणजे रवे जोडायला वितळवून लावलेला धातू, कुठे दिलाय ते भिंगातूनही कळेना. मी उगाचच जरा जास्त वेळ बघत बसले.

क्ष-किरणांनी शुद्धता मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनवर सपाट भागाला ९१८ आलं, म्हणजे हजारात ९१८ भाग सोनं. रव्यांच्या पट्टीवर ठेवलं तर आकडा ९०० च्या खाली. पण हे मशीन वरचा पातळ थर तेवढा वाचतं, म्हणून शेवटचा निकाल भट्टीचा. त्यासाठी तोड्याचा तुकडा कापावा लागतो. कापताना मी कारागिरांकडे बघितलं नाही.

नमुना सूक्ष्म तराजूवर तोलायचा, त्यात सोन्याच्या अडीचपट चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हजार अंशांवरच्या भट्टीत कुपीत, म्हणजे सच्छिद्र वाटीत, ठेवायचं. तांबं, जस्त वगैरे हिणकस धातू शिशाबरोबर कुपीत जिरतात, वर सोन्या-चांदीची गोळी उरते. ती ठोकून, लाटून, सुरळी करून नायट्रिक आम्लात उकळली की चांदी विरघळते. उरतं ते तपकिरी, भुरभुरीत सोनं. तापवलं की पिवळं होतं. तेच तोलायचं. शेजारी शुद्ध सोन्याचा नमुनाही त्याच भट्टीतून काढतो, म्हणजे भट्टीची चूक आकड्यात शिरत नाही.

आकडा आला ९११. बावीस कॅरेटला हजारात किमान ९१६ भाग लागतात आणि खाली एका भागाचीही सूट नाही.

"मॅडम, रवाकामाला डाग लागणारच की," कारागीर म्हणाले. "आणि डाग सोन्याच्या आधी वितळला पायजे, म्हणून त्यात भेसळ असतीच. माझ्या वडलांच्या वेळेपास्नं असंच चाललंय."

खरं होतं. पण पूर्वी दागिना मोडीला नेला की डागाची घट धरून गिऱ्हाइकाचेच पैसे कापले जायचे, हेही तितकंच खरं. घेताना बावीसचा भाव, मोडताना घट. म्हणून ९१६ चा नियम मला पटतो आणि त्या दिवशीही पटत होता. ४० ग्रॅमच्या तोड्यात पाच हजारांश म्हणजे ०.२ ग्रॅम. सोन्याचा आजचा भाव बघता ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

खटकलं ते पुढच्या ट्रेला. मशीनमध्ये विणलेल्या साखळ्या, सगळ्या एकसारख्या. एकीचा हूक चिमट्यात धरला आणि वाकला. भट्टीत ९१७. पास. नगामागे ४५ रुपये शुल्क, लेझरने बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हूक कच्चा आहे हे लिहायला आमच्या अर्जात रकानाच नाही. गिऱ्हाईक मात्र दुकानात शिक्का बघतं आणि म्हणतं, "माल चांगला आहे."

ते सगळं कारागिरांच्या समोरच चाललं होतं. त्यांनी वाकलेला हूक बघितला, पण बोलले नाहीत. कापलेला तुकडा, सुरळीतलं सोनं, तोडे, सगळं मोजून घेतलं आणि गेले.

काही दिवसांनी त्याच सराफाचा लॉट आला, त्यात नवे तोडे. या वेळी डागही जवळजवळ बावीसचाच वापरला होता. असा डाग वितळायला जी आच लागते, तिच्यात रवेही मऊ पडतात. पट्टीवर दोन-तीन ठिकाणी रवे एकमेकांत मिसळून नुसता उंचवटा झाला होता. भट्टीत ९१६.८ आलं. शिक्का बसला.

न्यायला कारागीर स्वतः आले. भिंग मागून घेतलं, त्या उंचवट्यांवर धरलं.

"शेठजींना आता चालतंय," म्हणाले. "मी मात्र हे घरच्या सुनेला घातलं नसतं."