तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं मशीन घेऊ?

"ताई, कार्डं करायला कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझ्या कागदी कार्डांच्या क्लासमध्ये येतो, रात्री दहाला फोनवर येतो, आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानापाशी येतो. एकदा तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारला. मी कागद कापायच्या मशीनचं नाव सांगत नाही, उलटे तीन प्रश्न विचारते, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. गेल्या महिन्यात एकीने तोंडावर म्हटलं, "तुम्हाला सांगायचंच नाहीये. उद्या आम्ही तुमच्या ऑर्डरी नेऊ म्हणून." ते लागलं मला. दोन रात्री नीट झोप आली नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते आहे.

माझे तीन प्रश्न असे. कागद कोणता वापरणार? एका वेळी किती कार्डं करणार? आणि तुमचे हात कसे आहेत? तिसरा प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हते.

मी हातकागदावर काम करते. पुण्याला शिवाजीनगरात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था तुम्हाला ठाऊक असेल. जयपूरजवळच्या सांगानेरचा कागदही आपल्याकडे येतो. सुती कपड्यांच्या कातरणांचा लगदा करून तो चौकटीतल्या जाळीवर उचलतात, चौकट मागेपुढे, डावीउजवीकडे हलवतात. त्यामुळे त्यातले धागे कोणत्याही एका दिशेने झोपत नाहीत. गिरणीच्या कागदाचं उलट. तिथे जाळी सतत पळत असते, धागे तिच्याबरोबर एका दिशेला वळतात. छापखान्यातले लोक ज्याला ग्रेन म्हणतात तो हाच. गिरणीचा जाड कागद ग्रेनला आडवा दुमडलात की घडीवर भेगा पडतात आणि आतलं पांढरं दिसतं. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, घडी तशीच घाला. हातकागदाला ही कटकट नाही, पण त्याचे धागे लांब आणि चिवट असतात, जाडीही एका तावात सारखी नसते. मधे बोटाला पातळ लागतो, कडेला जाड. पात्याची खरी परीक्षा तिथे होते.

म्हणून मशीनचं विचारणाऱ्याला मी आधी कटरचं सांगते, आणि लोकांना वाटतं मी टाळते आहे. टोक मोडून नवं काढायचं पातं १९५६ साली जपानमध्ये योशिओ ओकादांनी काढलं, त्यातून ओल्फा ही कंपनी उभी राहिली. त्या पात्यावर टोकं मोडण्यासाठी रेघा आखलेल्या असतात, त्या मोडण्यासाठीच असतात. क्लासला येणाऱ्या दहांतल्या आठ जणी एकच टोक महिनाभर ओढतात आणि मग म्हणतात, कागद फाटतो. हातकागदाला मी दर पाच-सहा कार्डांनी टोक मोडते. बारीक नक्षीला नऊ मिलिमीटरचं, तीस अंशांचं पातं. जाड पुठ्ठ्याला अठराचं. पट्टी स्टीलची, खाली कॉर्क लावलेली, म्हणजे घसरत नाही. ऑफिसात असतो तो वरून दाबायचा मोठा कटर हातकागदाला वापरू नका. तो कापता कापता ताव बाजूला ओढतो आणि दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर वाकडं जातं. चकतीचं पातं असलेला ट्रिमर त्यापेक्षा बरा.

घडीला बोन फोल्डर घ्या, म्हणजे घडी दाबायची चपटी, गुळगुळीत पट्टी. तो येईपर्यंत शाई संपलेलं बॉलपेन चालतं. आधी पट्टीला धरून रेघ दाबायची, मग दुमडायचं, मग वर साधा कागद ठेवून घासायचं. थेट घासलंत तर हातकागदावर चकाकी येते, ती जात नाही. एवढं जमलं की दहा-वीस कार्डांपर्यंत तुम्हाला कुठल्याही मशीनची गरज नाही.

हे वाक्य मी पूर्वी दहा-वीसच्या अटीशिवाय म्हणायचे. "कुठल्याही मशीनची गरज नाही." दोन बोटं वर करून दाखवायचे, हेच माझं मशीन. बायकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

मग भाचीचं लग्न आलं.

ताईने मे महिन्यात दोनशे पत्रिका सांगितल्या. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. नक्षी मीच सुचवली. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीचं काम आहे, तुम्ही पाहिलं असेल. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर देतात आणि ओला असतानाच तो खरवडून आतलं पांढरं काढतात. कागदात ते हुबेहूब करता येतं: वर कावेच्या तांबड्या रंगाचा पातळ हातकागद, त्यात नक्षी कापायची, खाली पांढरा. आठ पाकळ्यांचं फूल, भोवती वर्तुळ, वर्तुळाबाहेर साखळी. अठ्ठेचाळीस छेद. पाच बाय सातच्या पत्रिकेला २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून वरचे सोळा तुकडे निघतात, किंवा खालच्या दुमडीचे आठ. माझा हिशेब चोख होता. पत्रिका देवाला ठेवायच्या दिवसाला नऊ दिवस होते.

दोनशे म्हटल्यावर मी घाबरले आणि मशीन घेतलं. हो, मीच. कॉम्प्युटरला जोडायचं, स्वतःच पातं फिरवून कापणारं. चार महिन्यांच्या क्लासची फी त्यात गेली. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण दोष त्या मशीनचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. दुकानात त्याने साध्या कार्डशीटवर केसाइतकी बारीक नक्षी कापून दाखवली होती. मी हातकागद बरोबर नेलाच नव्हता.

या मशीनचं पातं कागदातून ओढलं जातं आणि कोपऱ्यावर स्वतःभोवती वळतं. गिरणीच्या कागदात ते सहज वळतं. हातकागदात वळताना त्याच्या टोकाला धागा अडकतो. पहिल्या तुकड्यावर पाकळी सुंदर निघाली, दुसरी निघाली, तिसरीच्या टोकाशी बारीक 'च्र्र' असा आवाज आला आणि टोक उचकटून वर आलं. मी दाब वाढवला. मग पातं खालच्या चिकट मॅटमध्ये घुसलं. दाब कमी केला, तर जाड भागात कापलंच गेलं नाही. वेग कमी केला, एकच रेघ दोनदा फिरवली. कडा लोकरीसारख्या फुलल्या. आणि जी निघाली, ती मॅटवरून सोडवताना कागदाची वरची साल मॅटलाच राहिली. दोन दिवसांत मॅट तांबड्या कापसाने भरली, तिचा चिकटपणा गेला, मग कागद कापताना सरकायला लागला. त्यात मेमधली दुपारची वीज. मधेच गेली की अर्धा कापलेला तुकडा वाया, कारण परत नेमका तिथूनच सुरू करणं मला जमत नव्हतं. तिसऱ्या रात्री मोजलं. चाळीस तुकडे घातले होते, देण्याजोगे तेरा निघाले.

सहा दिवस उरले होते, एकशे सत्याऐंशी बाकी. मी मशीनवर टॉवेल टाकला आणि कटर घेतला. एका नक्षीला वीस मिनिटं. सकाळी पाच ते सात, दुपारी भांडी आवरून संध्याकाळपर्यंत, मग जेवणं झाल्यावर दीडपर्यंत. सांगायला संकोच वाटतो, पण पहिले तीन दिवस मी मनातून खूश होते. बघा, हात तो हात, असं वाटत होतं. चौथ्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. मी हळद-तेल लावलं, पट्टी बांधली, बसले. पाचव्या दिवशी दुपारी एक पाकळी कापून कटर खाली ठेवायला गेले आणि अंगठा सरळ होईना. वाकलेला तसाच अडकला. डाव्या हाताने ओढला तेव्हा टक् असा आवाज होऊन सुटला, आणि मी ओरडले. शेजारची वहिनी धावत आली, "कितें गो जालें?" मला सांगता येईना. अंगठा दाखवला.

डॉक्टर म्हणाले, ट्रिगर थंब. अंगठ्याची दोरी ज्या नळीतून सरकते ती सुजून अरुंद झाली. सहा आठवडे पट्टी, कात्री नाही, कटर नाही, पिळणं नाही.

एकशे एकावन्न झाल्या होत्या. एकोणपन्नास राहिल्या. ताई संध्याकाळी आली, टेबलावर बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "राहिलेल्या साध्या छापून घेऊ. लोक काय, तारीख बघतात."

तिने प्रेमाने म्हटलं होतं. मला धीर द्यायला म्हटलं होतं. पण मी त्या वाक्यातून बाहेर यायला खूप वेळ घेतला, अजून पूर्ण आले असं नाही. साध्या पत्रिका मामाच्या ऑफिसातल्या लोकांना गेल्या. भाचीने एक शब्द काढला नाही. लग्नात मी डाव्या हाताने अक्षता टाकल्या.

त्या सहा आठवड्यांत मला सारखी एक बाई आठवायची. पूर्वी क्लासला यायची, शिरोड्याहून बसने, साठीच्या पुढची. बोटांना संधिवात. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं होतं, "मला मशीन घेतलं तर जमेल का?" आणि मी सगळ्यांसमोर दोन बोटं वर केली होती. हातकामाला हात लागतो, आजी. ती हसली होती. नंतर आली नाही. फीचे उरलेले पैसे मी पाठवले, तिने फोन करून आभार मानले. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

अंगठा बरा झाल्यावर मी तिला फोन केला. सगळं सांगून माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, आता नातीला दिला सगळा कागद." मी परत बोलावलं. ती "बघू" म्हणाली.

तर मशीन. आता माझ्याकडे हाताने फिरवायचं आहे. दोन रोलर, एक दांडा. दोन प्लास्टिकच्या प्लेटांमध्ये कागद आणि त्यावर पातळ पोलादी डाय, म्हणजे नक्षीच्या आकाराचा धारेचा साचा, ठेवायची, दांडा फिरवला की रोलरचा दाब सगळी नक्षी एकदम कापतो. पातं वळतच नाही, त्यामुळे धागा अडकायचा प्रश्न नाही. हातकागद याला ऐकतो. पातळ भागात कमी कापलं गेलं तर डायमागे एक जादा साधा कागद घालायचा आणि पुन्हा फिरवायचं. वीज लागत नाही. दांडा मी डाव्या हाताने, खांद्यातून फिरवते. पण त्याचंही ऐका: सहा इंच तोंडाच्या मशीनमधून सहा इंचांपेक्षा रुंद काही जात नाही. प्लेटा वाकतात, त्यांच्यावर आधीच्या डायचे चरे उठतात, त्या बदलाव्या लागतात. डाय विकत घ्यावी लागते आणि ती जी नक्षी देते तीच देते. माझं कावीचं फूल कुठल्याही दुकानात मिळत नाही. आणि आपल्या पावसात डायला गंज चढतो. मी पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पुसते, तरी दोन गेल्या.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. हवेतलं पाणी कागद पितो. जुलैत कापलेला वरचा तुकडा आणि मेमध्ये दुमडलेलं खालचं कार्ड यांचं माप जुळत नाही. दोन्ही कागद एकाच खोलीत, एकाच दिवशी उघडे ठेवून मगच कापा. दोन्हीकडून चिकटणारी टेप हातकागदावर टिकत नाही, धाग्यांसकट उचलून येते. पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. मी आजोबांचा पाटा ठेवते.

आणि ते टॉवेलाखालचं मशीन? विकलं नाही. गिरणीच्या कागदाची मुलांच्या वाढदिवसाची कार्डं असली की काढते, आणि ते काम ते माझ्यापेक्षा चांगलं करतं. ते मी शिकून घ्यायला हवं होतं, नऊ दिवसांच्या घाईत नव्हे तर आधी दोन महिने, असं कधी वाटतं. जास्त अंशांचं पातं, कमी बारीक साखळी, मॅटऐवजी मागे तात्पुरता चिकटवलेला कागद. कदाचित दोनशेच्या दोनशे निघाल्या असत्या. कधी वाटतं, नसत्या निघाल्या. कावीचं फूल मी अजूनही हातानेच कापते, पण दिवसाला तीन, चौथं नाही. हे शहाणपण की भीती, मला सांगता येत नाही.

परवा पुन्हा फोन आला. पेडण्याहून, तरुण आवाज. "ताई, कोणतं मशीन घेऊ?" मी विचारलं, कागद कोणता? ती म्हणाली, थांबा हं. तिकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग ताव उलगडल्याचा. "ताई," ती जरा वेळाने म्हणाली, "हा कडेला जाड लागतोय."

मी खुर्ची ओढून बसले.