मशीन नेमकं कुठल्या डिस्कवरून उठतं?

चार डिस्कचा सर्व्हर. दोन एक-एक टीबीच्या, त्यांचा रेड-१ मिरर, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही जातं, आणि त्यावर सगळी सिस्टीम. दोन चार-चार टीबीच्या, त्यांवर बॅकअप. २९ जुलै २०२० ला ग्रबमधली, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅममधली, बूटहोल ही त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२०-१०७१३, आणि तिच्यावरची अपडेट्स लगोलग आली. सुरक्षेचा मामला, म्हणून मीही थांबले नाही. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात अपडेट टाकलं, लॉगमध्ये लाल काही दिसलं नाही, रीबूट दिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पिंगला उत्तर नाही.

मशीनपाशी रात्रपाळीचा सहकारी होता, त्याला फोन लावला.

"ताई, स्क्रीनवर सिंबॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड असं आलंय. खाली ग्रब रेस्क्यू, आणि पुढे काहीच नाही."

मी गाडी काढली.

रेस्क्यू प्रॉम्प्टला, म्हणजे ग्रब अडल्यावर येणाऱ्या आणीबाणीच्या ओळीला, मोजक्याच आज्ञा कळतात: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. एलएस दिल्यावर चारही डिस्क दिसल्या, मिररही दिसला. सेट दिल्यावर प्रीफिक्स, म्हणजे ग्रबच्या फायलींचा पत्ता, दिसला, त्यात मिररचाच यूयूआयडी (ओळख क्रमांक), अक्षरन् अक्षर बरोबर. त्या फोल्डरची यादी मागितली तर फायली जागच्या जागी. मग नॉर्मल हे मॉड्यूल (ग्रबचा वेगळा तुकडा) चढवायला इन्समॉड नॉर्मल दिलं आणि पुन्हा तेच, ग्रब_कॅलॉक सापडत नाही.

इथे मी तासभर घालवला, कारण रेस्क्यू दिसला की माझा हात आपोआप प्रीफिक्सकडे जातो. नेहमी तिथंच काहीतरी बिघडलेलं असतं: यूयूआयडी बदललेला, पार्टिशनचा आकडा सरकलेला. या वेळी पत्ता बरोबर होता आणि घरात माणसंही होती. फक्त दार उघडणारा जुना होता आणि आतली मंडळी नवी.

ही गोष्ट नीट सांगते, कारण सगळं मर्म इथेच आहे. जुन्या बायोस पद्धतीत (बायोस म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये ग्रबचा सुरुवातीचा कोड बसतो, मग ६४ बाइटचं पार्टिशन टेबल आणि शेवटचे २ बाइट सहीचे. एवढ्याशा जागेत फाइल सिस्टीम वाचण्याची अक्कल मावत नाही. तो कोड फक्त पुढच्या तुकड्याला, कोर इमेजला, उचलतो. ही कोर इमेज पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत असते. हल्ली पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळपास १ एमआयबी जागा मिळते. कोर इमेजला मिरर आणि फाइल सिस्टीम कळते, आणि मग ती बूट फोल्डरमधून बाकीची मॉड्यूल्स चढवते.

आता मिररकडे बघा. माझा रेड पार्टिशनांवर बांधलेला होता. पार्टिशनच्या आत जे लिहिलं जाईल ते दोन्ही डिस्कवर जातं, मॉड्यूल्ससुद्धा. पण पहिला सेक्टर आणि त्यामागची मोकळी जागा पार्टिशनच्या बाहेर. तिथे एमडीएडीएम, म्हणजे लिनक्सचं रेड सांभाळणारं साधन, डोकावतही नाही. तिथे जे काही असतं ते ग्रब-इन्स्टॉलने, एकेका डिस्कवर, स्वतंत्रपणे लिहिलेलं असतं. "मिरर आहे, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या" हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलंय. बूट होण्यापुरतं ते खोटं आहे.

आदल्या वर्षी मिररमधली एक डिस्क गेली होती. मी नवी बसवली, एसएफडिस्कने पार्टिशन टेबल उतरवून घेतलं, मिररमध्ये जोडली, सिंक पूर्ण होऊ दिलं. एवढंच नाही, नव्या डिस्कवर हाताने ग्रब-इन्स्टॉलही चालवलं. राहिलं ते एकच. डेबियन घराण्यातल्या लिनक्समध्ये ग्रबचं पॅकेज 'कुठल्या डिस्कवर लिहायचं' याची यादी डेबकॉन्फमध्ये, म्हणजे पॅकेजांच्या उत्तरांच्या नोंदवहीत, जपून ठेवतं, आणि त्या यादीत डिस्कचं नाव मॉडेल आणि सिरियल नंबरासकट असतं. माझ्या यादीत गेलेल्या डिस्कचं नाव तसंच होतं आणि नव्या डिस्कचं नव्हतं. एरवी पॅकेजने याबद्दल विचारलं असतं, पण मी अपडेट प्रश्न बंद ठेवून चालवलं होतं. नवी कोर इमेज दुसऱ्या डिस्कवर गेली, नवी मॉड्यूल्स मिररमध्ये गेली, आणि बायोस उठत होतं ते पहिल्या, बदललेल्या डिस्कवरून. तिच्यावरच्या वर्षभर जुन्या कोर इमेजमध्ये ग्रब_कॅलॉक नव्हतंच.

हे सगळं आता सरळ सांगता येतंय. त्या रात्री मी यूएसबीवरून लाइव्ह लिनक्स उठवलं. मिरर एमडी१२७ नावाने आला, माउंट केला, डेव्ह, प्रोक आणि सिस बाइंड करून सीएचरूटने त्या सिस्टीमच्या आत शिरले आणि सवयीने एसडीएवर ग्रब-इन्स्टॉल दिलं. ते अडलं: या डिस्कवर जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) आहे आणि बायोस बूट पार्टिशन नाही, रेडसाठी ते आवश्यक आहे.

माझ्या सिस्टीम डिस्कवर तर जीपीटी नव्हतं! डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेला सिरियल नंबर मागितले तेव्हा कळलं, लाइव्ह सत्रात एसडीए म्हणजे बॅकअपची चार टीबीची डिस्क होती. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी पडतात, ती डिस्कची मालकी नव्हे. ग्रबचं एचडी० तर आणखी निराळं. बायोस पद्धतीत ज्या डिस्कवरून बूट झालं ती सहसा एचडी०, मग लिनक्समध्ये तिचं नाव काहीही असो. ग्रबने नकार दिला म्हणून ठीक. डिस्कवर थेट लिहिणारं डीडी असतं तर त्याने काही विचारलं नसतं.

मग हाताशी आलेली गोष्ट केली. झाकण काढलं, दोन्ही सिस्टीम डिस्कच्या लेबलवरचे सिरियल नंबरांचे शेवटचे चार आकडे कागदावर उतरवले, आणि बाय-आयडी फोल्डरमधल्या, सिरियल नंबर असलेल्या नावांशी खूण करत जुळवले. दोन्ही डिस्कचे सेक्टर १ ते २०४७ वाचून एमडी५ (मजकुराचे ठसे) काढले, वेगळे आले. एवढ्यावरून निकाल देऊ नये, त्या मोकळ्या जागेत मागचे अवशेषही पडून असतात. पण शंका पक्की झाली. दोन्हींवर, पूर्ण बाय-आयडी नावाने, ग्रब-इन्स्टॉल केलं. मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून यादीत दोन्ही डिस्कवर खूण केली. पार्टिशनांवर नाही, अख्ख्या डिस्कवर. रीबूट. मेनू आला.

घरी परतताना लक्षात आलं की यातलं काहीच लगेच करायची गरज नव्हती. फोनवरच सहकाऱ्याला सांगायचं होतं, बायोसच्या बूट मेनूत जा आणि दुसरी डिस्क निवड. तिच्यावर कोर इमेज नवी होती. मशीन दोन मिनिटांत उठलं असतं आणि दुरुस्ती मी सकाळी, चालू सिस्टीमवर, शांतपणे केली असती. आता अनेक डिस्कच्या मशीनवर बूट अडलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, मशीन कुठल्या डिस्कवरून उठायचा प्रयत्न करतंय, आणि दुसरीवरून उठतं का. प्रीफिक्स, यूयूआयडी, कॉन्फिग फाइल हे नंतर.

यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या, मशीनवर रूप बदलतं, दुखणं तेच. तिथे ग्रब ईएसपी नावाच्या फॅट पार्टिशनवर फाइल म्हणून असतो, आणि ईएसपी बहुधा एकाच डिस्कवर असतं, मिररबाहेर. दुसऱ्या डिस्कवर ईएसपी करून ठेवलं तरी अपडेट झाल्यावर ते ताजं राहतंय का, आणि ईएफआयबूटएमजीआर या साधनाने दिसणाऱ्या बूट नोंदींच्या यादीत तिची नोंद आहे का, हे आपणच बघायचं.

महिन्याभराने देखभालीची वेळ मिळाली तेव्हा परीक्षा घेतली. मशीन बंद करून पहिली डिस्क काढली, चालू केलं. अर्ध्या मिररवर उठलं. डिस्क परत जोडली, बिटमॅप (बदललेल्या जागांची नोंद) असल्याने सिंक पटकन झालं. मिररची स्थिती सांगणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये दोन्ही डिस्कसाठी यू (चालू) दिसेपर्यंत थांबले, मगच दुसरी काढली. तेव्हाही उठलं. केसच्या आतल्या बाजूला आता एक चिकटपट्टी आहे. तिच्यावर वरपासून खालपर्यंत चारही डिस्कचे शेवटचे चार-चार आकडे आहेत, आणि वरच्या दोघींसमोर 'ग्रब' असं लिहून खाली तारीख टाकली आहे. डिस्क बदलली की आधी पट्टी बदलायची, मग झाकण लावायचं.